युगांडाच्या समलैंगिकताविरोधी कायद्यावर जगाने एवढा दबाव आणला, तरी तो का टिकला? अशा दबावाचा काही उपयोग होतो का? आणि आपण इथून काय करू शकतो?

उपयोग होतो, पण कायदा रद्द होण्याच्या रूपात तो क्वचितच दिसतो. एखादं सरकारी परिपत्रक, तुरुंगातून एखाद्याची सुटका, लांबणीवर पडलेलं विधेयक, अशा लहान गोष्टींत तो शोधावा लागतो. कायदा हटवण्याचं काम शेवटी त्या देशातली संसद किंवा तिथलं न्यायालयच करतं. बाहेरचा दबाव त्यांच्या हाताला बळ देतो की त्यांचे हात बांधतो, हे तो कोणावर पडतो आणि कोणी मागितलेला आहे यावर ठरतं. युगांडाच्या बाबतीत बराचसा दबाव चुकीच्या जागी पडला.

आधी कायदा. बातम्यांमधून बहुतेकांपर्यंत "तिथे समलैंगिक असणं गुन्हा आहे" एवढंच पोचलं. मार्च २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या पहिल्या मसुद्यात तसं होतंही. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी तो एप्रिलमध्ये परत पाठवला आणि २ मेच्या सुधारित मसुद्यात नुसती ओळख हा गुन्हा राहिला नाही. कायद्यावर सही झाली २६ मे २०२३ ला, जाहीर झालं २९ मेला. समलैंगिक संबंधांना जन्मठेप, प्रयत्नाला १० वर्षांपर्यंत कैद. "गंभीर समलैंगिकता" नावाचा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला फाशी. समोरची व्यक्ती १८ वर्षांखालची किंवा ७५ वर्षांवरची असणं, अपंग असणं, आरोपीवर आधी याच गुन्ह्याचा ठपका सिद्ध झालेला असणं, अशी ती परिस्थिती. म्हणजे दोन सज्ञान माणसं, दोघांची पूर्ण संमती, पण एकाला अपंगत्व आहे किंवा दुसऱ्याला पूर्वी शिक्षा झालेली आहे, तर खटला फाशीच्या कलमाखाली. संमती हा बचाव कायद्याने स्पष्टपणे नाकारला आहे. आणि मुलांवरच्या अत्याचाराला युगांडाच्या दंडसंहितेत आधीपासून कठोर शिक्षा होतीच. "मुलांना वाचवण्यासाठी हा कायदा हवा" हा युक्तिवाद तपासताना हे विसरू नका.

"प्रसार" या गुन्ह्याला २० वर्षांपर्यंत कैद, संस्थेने केला तर १ अब्ज युगांडन शिलिंगांपर्यंत दंड आणि परवाना जाण्याची शक्यता. प्रसार म्हणजे काय याची व्याख्या इतकी सैल आहे की आरोग्य शिबिर घेणारी संस्था, माहितीपत्रक छापणारा आणि त्यासाठी पैसे देणारा, सगळे तिच्यात बसवता येतात. माझ्या मते फाशीच्या कलमापेक्षाही रोजचं आयुष्य जास्त याच कलमाने आवळलं. युगांडात अलीकडच्या काळात फाशीची अंमलबजावणी झालेली नाही, संस्था मात्र भीतीने दारं बंद करतात ती लगेच.

याआधी कायदा नव्हता असंही नाही. दंडसंहितेचं जुनं कलम १४५ "निसर्गक्रमाविरुद्ध" संबंधांना जन्मठेप देतच होतं. हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ ब्रिटिशांनी वेगवेगळ्या वसाहतींत थोड्याफार फरकाने नेलं, त्याच घराण्यातलं हे कलम. समलैंगिकता पाश्चात्त्यांनी आणली असं राजधानी कंपालातल्या संसदेत वारंवार सांगितलं गेलं. बाहेरून आलं ते हे कलम, आणि त्याचा कागदोपत्री पुरावा आहे.

आता असा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो. दोषी ठरलेले लोक मोजून त्याचा परिणाम कळत नाही, कारण खटले शेवटापर्यंत फार थोडे जातात. घरमालक खोली खाली करायला सांगतो. ओळखीचा माणूस किंवा डेटिंग अ‍ॅपवर भेटलेला अनोळखी "पोलिसांना सांगतो" म्हणून पैसे मागतो. पोलीस ठाण्यात सोडण्यासाठी पैसे मागितले जातात. आरोपपत्रात कधी कधी भलतंच कलम असतं: मार्च २०२० मध्ये कंपालाजवळच्या एका निवाऱ्यातून वीस जणांना उचललं, तेव्हा आरोप होता कोविडचा संसर्ग पसरवणारं निष्काळजी कृत्य केल्याचा, आणि ते मे महिन्यापर्यंत आत होते. अटकेनंतर गुदद्वाराची सक्तीची तपासणी केली जाते. तिला वैद्यकीय आधार नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांनी ती करू नये असा ठराव २०१७ मध्ये केला.

फाशीचं कलम लावलं की आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. असा खटला फक्त उच्च न्यायालयात चालतो, त्यामुळे खालच्या दंडाधिकाऱ्याला जामीन देताच येत नाही. सुनावणीसाठी प्रकरण वर पाठवण्याआधी आरोपी १८० दिवस कोठडीत राहिला तरच राज्यघटनेनुसार जामिनाचा हक्क उभा राहतो. म्हणजे पुढे निर्दोष सुटणारा माणूसही सहा महिने आत काढू शकतो. तोवर नोकरी गेलेली असते, घर गेलेलं असतं आणि गावभर बदनामी झालेली असते.

आता तुमचा मूळ प्रश्न, कायदा टिकला कसा. यासाठी २०१४ आठवावं लागेल. डेव्हिड बहाटी या खासदाराने २००९ मध्ये आणलेलं विधेयक चार वर्षं रेंगाळून डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालं आणि मुसेवेनींनी २४ फेब्रुवारी २०१४ ला कॅमेऱ्यांसमोर त्यावर सही केली. जागतिक बँकेने आरोग्यासाठीचं ९ कोटी डॉलरचं कर्ज ऐनवेळी थांबवलं. डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्स यांनी मदत रोखली किंवा दुसरीकडे वळवली. १ ऑगस्ट २०१४ ला घटना न्यायालयाने कायदा रद्द केला, पण मतदानावेळी गणसंख्या, म्हणजे सभागृहात लागणारी किमान उपस्थिती, नव्हती या एका तांत्रिक मुद्द्यावर. मूलभूत हक्कांचा निवाडा झालाच नाही. बाहेर जल्लोष झाला, आणि दबावाने काम केलं असा अर्थ काढला गेला. संसदेने वेगळा धडा घेतला: पुढच्या वेळी सभागृह भरलेलं असलं पाहिजे. मार्च २०२३ मध्ये ३८९ उपस्थितांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी विधेयकाच्या बाजूने मत दिलं. गणसंख्येची पळवाट बंद झाली होती.

मग २०२३ चा दबाव. एकेक साधन पाहा.

व्हिसाबंदी. अमेरिकेने सभापती अनिता अमाँग यांचा व्हिसा काढून घेतला, डिसेंबर २०२३ मध्ये शेकडो खासदार आणि त्यांच्या कुटुंबीयांपर्यंत ही बंदी वाढवली. ती योग्य माणसांवर पडली हे खरं, पण ज्या नेत्याला मतदारसंघात "मी पाश्चात्त्यांना घाबरलो नाही" असं सांगायचं आहे, त्याला अशी बंदी निवडणुकीत कामाला येते. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनने त्याच अमाँग यांच्यावर निर्बंध लावले ते भ्रष्टाचाराच्या कायद्याखाली. करामोजा भागातल्या गरिबांसाठी आलेल्या पत्र्यांच्या अपहाराचं प्रकरण होतं. देशभक्तीचा झेंडा हातात घेऊन पत्र्यांच्या चोरीचा बचाव करता येत नाही. हक्कांच्या प्रश्नावर जो नेता अंगावर काही लागू देत नाही, तो पैशांच्या प्रश्नावर सापडतो, हे निर्बंध आखणाऱ्यांनी आधी ओळखायला हवं होतं.

व्यापार. १ जानेवारी २०२४ पासून युगांडाला 'अगोआ' या, आफ्रिकी मालाला आयातशुल्कात सवलत देणाऱ्या अमेरिकी योजनेतून काढलं. ऐकायला मोठं, पण युगांडाचा मुख्य निर्यात माल कॉफी, आणि कॉफीवर अमेरिकेत कोणत्याच देशासाठी नेहमीचं आयातशुल्क नव्हतं. म्हणजे सरकारला झळ कमी, आणि सवलतीवर उभ्या असलेल्या छोट्या उद्योगांना जास्त. युरोपीय संसदेने निषेधाचा ठराव केला. अतिगरीब देशांना युरोपात मिळणारा शुल्कमुक्त प्रवेश मात्र चालूच राहिला.

जागतिक बँक. इथे जरा थांबतो, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथे आहे. ८ ऑगस्ट २०२३ ला बँकेने युगांडासाठी नवं सार्वजनिक कर्ज संचालक मंडळापुढे न नेण्याचं जाहीर केलं. चालू प्रकल्प थांबले नाहीत. बँकेने "कायदा रद्द करा" अशी अट घातली नव्हती, तिच्या नियमांत ते बसतही नाही. तिचं म्हणणं असं की आमच्या पैशांवर चालणाऱ्या दवाखान्यातून किंवा शाळेतून कोणाला हाकललं जाणार नाही याची खात्री करणारी यंत्रणा हवी, आणि ती चालते हे तपासून पाहायला हवं. अट मोजता येण्याजोगी होती, म्हणून वाटाघाटीला जागा राहिली. त्याच काळात दोन कागद निघाले. जूनमध्ये आरोग्य मंत्रालयाने उपचार देताना भेदभाव करू नये असं परिपत्रक काढलं. २५ ऑगस्टला सरकारी अभियोग संचालकांनी आदेश दिला की या कायद्याखाली आरोप ठेवण्याआधी प्रकरणाची फाइल लेखी मतासह मुख्यालयात पाठवावी. जिल्ह्यातल्या पोलिसाने रागात किंवा पैशांसाठी लावलेलं कलम परस्पर न्यायालयात जाऊ नये, एवढं एक कुंपण त्याने उभं राहिलं. या परिपत्रकांनी कायदा सौम्य झाला नाही, पण वकिलाला दाखवायला हातात एक कागद आला आणि अटकेच्या रात्री त्याची किंमत फार असते. जून २०२५ मध्ये बँकेने या उपाययोजनांवर समाधान व्यक्त करून कर्ज पुन्हा सुरू केलं. त्रयस्थ देखरेख खरोखर किती होते, हे आता स्थानिक संस्थांनाच पाहत राहावं लागेल. आणि "प्रसारा"चं कलम डोक्यावर असताना तक्रार द्यायला कोण पुढे येईल, ही या व्यवस्थेतली मोठी कच्ची जागा आहे.

एचआयव्हीचा पैसा हे सगळ्यात नाजूक साधन. युगांडात सुमारे १४ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि त्यांच्या औषधांचा मोठा भाग अमेरिकेचा पेपफार हा एड्सविरोधी मदत कार्यक्रम आणि ग्लोबल फंड यांच्याकडून येत आला आहे. हा पैसा तोडला तर खासदाराच्या घरात काही बदलत नाही. गोळी बंद होते ती रुग्णाची, त्यात समलैंगिक रुग्णही आले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतच गोठवली, त्याचा या कायद्याशी काही संबंध नव्हता, पण गरजू रुग्णांची सेवा विस्कळीत झाली ती झालीच.

ही गोष्ट आफ्रिकेतल्या कार्यकर्त्यांनी फार आधी सांगून ठेवली होती. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरॉन यांनी मदत कापण्याची भाषा केली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून जाहीर पत्रक काढून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की मदत कापली की दवाखाना आमचाही बंद होतो, आणि वर "तुमच्यामुळे देशाचे पैसे गेले" म्हणून मारही आम्हालाच पडतो. हे पत्रक वाचल्याशिवाय कोणी या विषयावर अट घालू नये असं मला मनापासून वाटतं.

दबावाने एका माणसाची सुटका होते आणि कायदा जागचा हलत नाही, याचं उदाहरण मलावीचं. मे २०१० मध्ये समलैंगिक संबंधांवरून दोघांना १४ वर्षांची सक्तमजुरी झाली. नऊ दिवसांत, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून तिथे गेले असताना, राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. दोन आयुष्यं वाचली. पण तेच कायदे जून २०२४ मध्ये मलावीच्या न्यायालयाने वैध ठरवले. ब्रुनेईतही तसंच: एप्रिल २०१९ मध्ये समलैंगिक संबंधांना दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा लागू केली, सुलतानाच्या मालकीच्या आलिशान हॉटेलांवर बहिष्कार सुरू झाला, आणि ५ मेला सुलतानाने फाशीला स्थगिती असल्याचं सांगितलं. कलम पुस्तकात आहेच.

मग कायदा जातो कुठे? बोट्स्वानाचा रस्ता बारकाईने पाहा. २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलमांना दिलेलं आव्हान फेटाळलं. समाज बदलल्याचा पुरावा समोर नाही, हे मुख्य कारण. कार्यकर्त्यांनी तेच वाक्य कामाची यादी म्हणून घेतलं. २०१६ मध्ये 'लेगाबिबो' या समलैंगिकांच्या हक्कांसाठीच्या संस्थेच्या नोंदणीचा हक्क अपील न्यायालयात जिंकला, म्हणजे संघटना म्हणून अस्तित्व मान्य झालं. २०१७ मध्ये पारलिंगी व्यक्तीच्या ओळखपत्राचा खटला जिंकला. मग एका तरुणाची याचिका आली, लेगाबिबो न्यायालयाची सहायक म्हणून उभी राहिली, कायद्याने आरोग्यावर आणि रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम पुराव्यानिशी मांडला, आणि ११ जून २०१९ ला उच्च न्यायालयाने कलमं रद्द केली. सरकारचं अपील २९ नोव्हेंबर २०२१ ला फेटाळलं गेलं. या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या, सज्ञानांचे संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या ३७७ वरच्या निकालाचा आधार आहे.

मॉरिशसमध्येही तसंच झालं. मराठी भाषकांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेला हा देश. १८३८ च्या दंडसंहितेतलं कलम २५० तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२३ ला संमतीच्या सज्ञान संबंधांपुरतं घटनाबाह्य ठरवलं. घटनेत "लिंग" या आधारावर भेदभाव नको असं होतं. त्यात लैंगिक कल येतो असा अर्थ न्यायालयाने लावला. हाच अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्याच्या प्रकरणात लावला होता. हे कलम मॉरिशसच्या मातीतल्या मूल्यांतून आलेलं नसून वसाहतीचा वारसा आहे, असंही न्यायालयाने नोंदवलं.

हे सगळीकडे चालत नाही. केनियात २४ मे २०१९ ला उच्च न्यायालयाने अशाच याचिका फेटाळल्या, कारण तिथल्या घटनेत विवाह भिन्नलिंगी व्यक्तींमधला असं लिहिलेलं आहे आणि कलम रद्द केलं तर त्याला मागच्या दाराने धक्का बसेल असं न्यायाधीशांना वाटलं. युगांडाच्या घटनेतही २००५ पासून समलिंगी विवाहाला बंदी आहे. म्हणून अशा देशात याचिका लिहिताना खाजगीपणा, आरोग्य आणि पोलिसी छळ हे मुद्दे पुढे ठेवून विवाहापासून ती कटाक्षाने वेगळी ठेवावी लागते. ३ एप्रिल २०२४ ला युगांडाच्या घटना न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने कायदा टिकवला, पण चार तरतुदी उडवल्या: तक्रार देण्याची सक्ती, घर किंवा जागा वापरू दिल्याची दोन कलमं, आणि समोरच्याला असाध्य आजाराची लागण झाल्यास फाशी देणारा भाग. ज्या मुद्द्यांवर यश आलं ते आरोग्य, खाजगीपणा आणि धर्मस्वातंत्र्य यांचे होते. उरलेल्या भागासाठी याचिकाकर्ते त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात अपिलात गेले.

तुम्ही काय करू शकता असंही विचारलं आहे, तर हे सांगतो. युगांडातल्या कोणाचा फोटो, नाव, राहण्याची जागा समाजमाध्यमावर टाकू नका, सहानुभूतीनेही नाही. २०१० मध्ये कंपालाच्या एका वृत्तपत्राने नावं-फोटो छापले होते आणि त्यात ज्यांचा फोटो होता ते कार्यकर्ते डेव्हिड काटो जानेवारी २०११ मध्ये मारले गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे अटकेचे व्हिडिओ तर मुळीच पुढे पाठवू नका. पैसे द्यायचे तर थेट कंपालातल्या संस्थेच्या खात्यात पाठवण्याआधी त्यांना विचारा, कारण परदेशातून आलेली रक्कम त्यांच्याविरुद्ध पुरावा होऊ शकते; नैरोबीतला 'उहाई' हा पूर्व आफ्रिकेचा निधी किंवा तातडीने देश सोडावा लागणाऱ्यांना मदत करणारी कॅनडातली 'रेनबो रेलरोड' हे मार्ग त्यापेक्षा सुरक्षित आहेत. भारतातून रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली बँकेत ए-२ फॉर्म भरून जाते, आणि परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळत नाही.

कामानिमित्त युगांडात किंवा असा कायदा असलेल्या आखाती देशात जाणाऱ्यांनी हे धरून चालावं की ३७७ चा निकाल भारताच्या सीमेपर्यंतच आहे. जाण्याआधी फोनमधली डेटिंग अ‍ॅप काढा, जुनी चॅट आणि फोटो क्लाउडसकट हटवा. अटक झालीच तर १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ नुसार भारतीय दूतावासाला कळवण्याचा हक्क आहे. तो हक्क तुम्ही मागावा लागतो, म्हणून दूतावासाचा क्रमांक फोनमध्ये न ठेवता कागदावर लिहून जवळ ठेवा, आणि वकील येईपर्यंत कोणत्याही जबाबावर सही करू नका. दूतावास तुम्हाला भेटू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, घरच्यांना कळवू शकतो. घरच्यांना नेमकं काय सांगायचं हे मात्र तुम्हीच आधी त्यांना स्पष्ट सांगा.